घुमट आधी आला

वावेखार, ९ फेब्रुवारी

नजमूभाई, सलाम.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, जमातीच्या ग्रुपमधूनही काढायला लावलंस, तेव्हा राहिला कागद. खालाची अनम आहे ना, तिचा नवरा परवा मस्कतला परत निघालाय. त्याच्या बॅगेत सुक्या बोंबलांच्या पिशवीखाली हे पत्र आहे. कागदाला वास आला तर तो राग वेगळा धरू नकोस.

मी घरी आहे. डिसेंबरभर किहीमला होतो, तिथं एकाच्या कॉटेजेस आहेत, त्यांना रंग दिला. मग मांडव्याहून बोटीनं मुंबई. मुंबईत मन लागेना, परत मांडवा, एसटीनं मुरुड, तिथून घर. अम्मी म्हणाली, "आलास? हात धू, जेवायला बस. जाणार कधी ते जेवल्यावर सांग." तिची तब्येत ठीक आहे. गोळ्या चुकवते हे ती तुला सांगत नसणार, म्हणून मी सांगतोय.

आता मुद्दा. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं होतं की मशीद पाडू नका, छप्पर दुरुस्त करा. सोबत इकडच्या-तिकडच्या मशिदींचे फोटो टाकले. त्यावर तू लिहिलंस, "ज्यानं एका गावात सलग दोन जुम्मे पढले नाहीत त्यानं मशिदीबद्दल बोलू नये." खाली अंगठेच अंगठे. त्यात अम्मीचाही होता. तिला वाटलं तू सगळ्यांना सलाम लिहिलायस.

तुझं म्हणणं कबूल. मी टिकत नाही. तू लावून दिलेल्या मस्कतच्या नोकरीत टिकलो नाही, कोचीच्या बोटयार्डात नाही, श्रीनगरच्या हॉटेलात तर थंडी पडायच्या आधीच निघालो. पण एक झालं. जिथं गेलो तिथं सावलीला, पाण्याला, पाठ टेकायला मशिदीतच शिरलो. त्यामुळे गावातल्या कुणाहीपेक्षा मी मशिदी जास्त बघितल्यात. नमाजी म्हणून कमी, पंख्याखाली आडवा पडलेला माणूस म्हणून जास्त. आडव्या माणसाला छत नीट दिसतं.

आपल्या मशिदीचं छत तुला आठवतं का? अब्बांच्या दफनाला आलास आणि तिसऱ्या दिवशी गेलास, तेव्हा वर बघायला सवड नसणार. बाहेरून ती घरासारखीच आहे. चारी बाजूंनी उतरतं, नळ्याच्या कौलांचं छप्पर, पुढे पडवी, बाजूला हौद. आत गेलं की मात्र सागाचे खांब, आणि वर लाकडाचा सांगाडा, अगदी उपड्या गलबतासारखा. गलबतं बांधणाऱ्यांनीच तो बांधला म्हणतात, आणि तसा दिसतोच. घुमट नाही, मिनार नाही. अजान पडवीतून.

अब्बा दर वैशाखात वर चढून कौलं परतायचे. मग त्यांचं ढोपर गेलं, मग तेही गेले, आणि त्यानंतर वर वानरं सोडून कुणी चढलं नाही. पावसाळ्यात इमामाच्या मिंबराजवळ बादली ठेवतात. नमाजाची सफ, रांग, बादलीला वळसा घालून लागते. आढ्याशेजारचे काही वासे कुजलेत, तेवढेच. त्यावर जमातीनं ठरवलं की सगळी पाडायची, स्लॅब टाकायचा, वर मोठा घुमट, दोन मिनार. घुमट तू देणार, अब्बांच्या नावानं.

अब्बांना मिनार हवा होता हे खरं आहे, मी नाकारत नाही. तांडेल माणूस. मचवा घेऊन परत येताना कोळ्यांच्या देवळावरची काठी लांबून दिसते, आपलं काहीच दिसत नाही, असं मला पण म्हणायचे.

आणि तुला वाटतं मला तुझी मस्कतची मोठी मशीद आवडली नाही. आवडली. पहिल्याच जुम्म्याला तू मला तिथं नेलंस. मी झुंबर बघत राहिलो आणि तू कोपरानं ढोसलंस. तो आख्खा गालिचा इराणच्या बायांनी वर्षानुवर्षं बसून हातानं विणला हे तूच सांगितलंस. पण त्याच ओमानमध्ये निझवाच्या बाजूला जुन्या मातीच्या मशिदी आहेत, त्या तू बघितल्यास का? मी कामाला दांडी मारून गेलो होतो, त्यावरून तुझ्या मुकादमानं तुला ऐकवलं होतं. त्यांना घुमट नाही, मिनार नाही. छतावर जायचा एक जिना आणि जिन्यावर टोपीएवढं मातीचं काहीतरी. परत आल्यावर मुकादमाला फोटो दाखवून म्हणालो, ही मशीद? तो म्हणाला, "तुझ्या आणि माझ्या बापाच्या आधीची."

मदिन्यातली पैगंबरांची मशीद सुरुवातीला कशी होती, मौलवींनीच शिकवलंय आपल्याला. खजुराच्या खोडाचे खांब, झावळ्यांचं छप्पर. पाऊस आला की गळायची. हजरत बिलाल अजान द्यायला शेजारच्या एका बाईच्या घरावर चढायचे. मिनार नंतर आले, घुमट नंतर आले. सुंदर आले, पण नंतर आले.

ईदनंतरच्या जुम्म्याला जमात बसणार आहे. सरखोतचाचा अध्यक्ष झालेत, हे तुला माहीत असेलच. घुमट तुझा आहे, त्यामुळे तू थांबा म्हणालास तर सगळे थांबतील. एवढंच मागतोय. मला अनब्लॉक नाही केलंस तरी चालेल.

नदीम

वावेखार, १६ मार्च

नजमूभाई, सलाम. रमजान मुबारक.

तुझं उत्तर आलं नाही, घुमट आला.

मला वाटलं होतं आधी मशीद बांधतात, मग वर घुमट बसवतात. पण तुमच्या मस्कतवाल्यांनी ज्या कारखान्याला सांगितलं, त्याचा ट्रक दुसऱ्या कुठल्या गावाचा घुमट घेऊन इकडेच येत होता, म्हणून आपलाही चढवला. बरोबर ना? असं सरखोतचाचा म्हणाले. फायबरचा, हिरवा, वर सोनेरी कळस वेगळ्या खोक्यात. ड्रायव्हर फाट्यावर उतरला आणि त्यानं सरखोतचाचांना विचारलं, "चाचा, मस्जिद किधर है?"

"अभी बनेगी."

"तो ये अभी काहे को?"

सरखोतचाचांनी त्याला पाणी पाजलं. चाचांचा रोजा, ड्रायव्हरचा नव्हता.

पुढची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल, कारण सगळे लाजतात. फाट्यापासून गावात येणारा रस्ता तुला माहीत आहे. एका बाजूला वाडीचा दगडी गडगा, दुसऱ्या बाजूला वाकलेले माड, वर विजेच्या तारा. घुमट रस्त्यापेक्षा रुंद. माड तोडायचे तर वाडी काझींची, आणि ते मुंब्र्याला. फोनवर म्हणाले, माडाला हात लावलात तर कोर्टात भेटू. मग दयाराम आला. दयाराम कोळीवाड्यातला, फायबरच्या होड्या दुरुस्त करतो, तुझ्या वर्गात होता, तुला "नज्या" म्हणायचा. त्यानं घुमटावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "ह्यो तर होडीचाच माल हाय. होडी तरते तर ह्यो का न्हाय तरनार? उताना करा."

तर अब्बांच्या नावाचा घुमट ट्रकनं मागे जेट्टीवर नेला, उताणा करून पाण्यात सोडला आणि दयारामच्या बोटीला दोरानं बांधून समुद्रातून आणला. मी बोटीत होतो. लाटेवर तो गरगर फिरत होता. किनाऱ्यावर ठमाबाई जवळा सुकवत बसली होती, ती उठून उभी राहिली आणि ओरडली, "अगो बाय, कुनाची कढई चालली?" सरखोतचाचा जेट्टीवर छत्री घेऊन उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं. ओढून वर घ्यायला कोळीवाड्यातले सगळे आले, बोट ओढतात तशीच त्यांची आरोळी. आता तो मशिदीच्या बाजूला चार चिऱ्यांवर पालथा ठेवलाय. आत वाकून जाता येतं. बकऱ्या जातात.

हसू नकोस, किंवा हस. मी घुमटाच्या विरुद्ध नाही हे तुला कसं सांगू? गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जुम्मा मशीद बघितल्यापासून मी घुमटावर लट्टू आहे. तिथं अंगणच नाही, सगळी मशीद छताखाली, कमानीमागे कमान, कमानीमागे कमान, बघताना वाट चुकते. इस्तंबूलला मी गेलो नाही, जाणार आहे, पण तिथल्या एका मशिदीत कोळी जाळी करू नयेत म्हणून छताला शहामृगाची अंडी टांगतात म्हणे. आणि दिव्यांची काजळी एका खोलीत जाईल अशी हवा खेळवली होती, त्या काजळीची शाई व्हायची. बघ, मी कुठे गेलो. सांगायचं होतं ते हे, की तिथला घुमट दगडा-विटांचा आहे. लाकूड कमी, दगड भरपूर, आणि मधे खांब न घालता खूप माणसांना एका छताखाली घ्यायचंय, यावर कुणीतरी काढलेला उपाय आहे तो.

आपल्याकडे लाकूड होतं, पाऊस होता आणि सुतार होते. मग त्यांनी उतरतं छप्पर केलं. सगळीकडे असंच झालंय, भाई. काश्मीरला देवदार, म्हणून देवदाराचे खांब. छपरावर भूर्जाची साल, तिच्यावर माती, आणि वसंतात त्या मातीत फुलं उगवायची. कोझिकोडला मी एक मशीद बघितली, मजल्यावर मजला चढत जाणारी, कौलारू, देवळासारखीच म्हणशील. जहाजवाल्या व्यापाऱ्यानं बांधलेली. पोर्तुगीजांनी जाळली तरी उभी राहिली. मस्कतच्या कॅम्पात जावाचा हार्तोनो होता, तुझ्या वरच्या खाटेवरचा, भाताला साखर लावून खायचा. तो सांगायचा, त्यांच्या देमाकच्या मशिदीत चार मोठे खांब आहेत आणि त्यातला एक नुसत्या लाकडाच्या ढलप्या बांधून केलाय. लाकूड वेळेवर मिळालं नाही, म्हणून एका पीरानं उरलेसुरले तुकडे गोळा केले. खांब उभा आहे. आणि स्पेनात, कोर्दोबाला, जुन्या इमारतींचे खांब मिळाले ते बुटके निघाले, तर त्यांनी कमानीवर कमान चढवली, एक दगड पांढरा, एक वीट तांबडी. आता जग तेवढंच बघायला जातं. कमी पडलं त्यातूनच ते झालं.

परवा असरच्या नमाजाआधी सरखोतचाचा घुमटाखाली खुर्ची घेऊन बसले. म्हणाले, "नवीन मशिदीत कसं वाटेल ते बघतो." मी मशिदीच्या पडवीत होतो, तिथं वारा होता. थोड्या वेळानं चाचा वाकून बाहेर आले, टोपी काढून पिळली.

"कसं वाटलं, चाचा?"

"तू गप. हमाम हाय नुसता."

"एसी लावतील."

"तुझ्या भावाला सांग एसी पण पाठव." मग टोपी झटकून डोक्यावर घातली. नंतर म्हणाले, "नदीम, घुमट गरम हाय का थंड हाय, हा सवाल नाय. छपरावर कोण चढणार ते बोल. मी? बघ गावात कोण हाय ते."

ते खरं आहे, म्हणून तुला कळवतो. इमामसाहेबांच्या जेवणाची पाळी तुला आठवते, रोज एका घरचा डबा. आता निम्म्या घरांना कुलपं. कुवेत, दोहा, मुंब्रा, तू. कुलपाच्या घरची पाळी आली की उरलेल्यांपैकी कुणीतरी डबा देतं, बहुतेक अम्मीच देते. इमामसाहेब तिची माशाची कढी खाऊन इतके खूश की बिहारला परत जायचं नाव घेत नाहीत. पण डबा अम्मी देऊ शकते, कौलं परतू शकत नाही.

तरी सांगतो, थांबा म्हण.

नदीम

वावेखार, ६ एप्रिल

भाई,

ईद झाली, जमात बसली. तू सरखोतचाचांना पाठवलेला आवाज त्यांनी पडवीत सगळ्यांसमोर लाऊडस्पीकरवर लावला. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज असा ऐकला, मधे मधे घरघर करत. तू म्हणालास, "आम्ही इकडून छपरावर चढायला येऊ शकत नाही. स्लॅब एकदा टाकला की तीस वर्षं कुणाला हाक मारायला नको. आम्ही लांब आहोत, निदान मशीद तरी कुणावर अवलंबून नको." आणि मग, "माझा भाऊ काय बोलेल ते मला माहीत आहे. तो पावसाच्या आधी निघून गेलेला असेल. बादली तुम्हीच उचलणार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वर बघितलं.

तुझं बोलणं चुकीचं नव्हतं, हे मी तिथंच म्हणालो. स्लॅब हा लांब राहणाऱ्यांच्या सोयीचा आहे, आणि आपण सगळेच लांबचे झालोय. पण मग मी मालीतल्या जेन्नेच्या मशिदीचं सांगितलं. फोनवर दाखवलंसुद्धा, फोन हातोहात फिरला. सगळी मातीची, मोठी, किल्ल्यासारखी, आणि भिंतीतून ताडाचे सोट बाहेर काढलेले, साळिंदरासारखे. ते सोट शोभेचे दिसतात पण त्यांच्यावर पाय देऊन लोक चढतात. कारण दर वर्षी पावसानं माती धुपते आणि दर वर्षी सगळा गाव मिळून ती परत लिंपतो. बाया पाणी आणतात, ढोल वाजतो, कुठला मोहल्ला आधी पोचतो याची शर्यत लागते. त्यांना सिमेंट मिळत नाही असं नाही. लिंपायचा दिवस त्यांना ईदसारखा वाटतो.

मागून कोणीतरी म्हणालं, "त्यांना दुबई नसेल."

सगळे हसले. मी पण हसलो. सरखोतचाचा म्हणाले, "बरोबर बोलला तो. ते गावात राहतात. आपण गावात राहतो ते म्हातारे आणि हा नदीम, तो पण एसटीचा टाइम बघून राहतो."

मी फिरून आलेला फोन खिशात घातला. बैठक तिथंच संपली असती, आणि सोमवारी जेसीबीवाल्याला फोन गेला असता. तो नंबर चाचांनी काढून ठेवलेला होता.

बोलले ते इमामसाहेब. ते जमातीत कधी बोलत नाहीत. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मेरा खाना तो रोज़ आ जाता है. आधे घर बंद हैं, फिर भी एक दिन नाग़ा नहीं हुआ."

"तो अलग बात है, इमामसाहब."

"अलग कैसे? बारी लगी हुई है, इसलिए आता है. बारी न होती तो मैं कब का चला गया होता."

मग गलका सुरू झाला. छपराची पाळी लावा. घरटी पाळी, वर्षाला एक घर. कुलपाच्या घराचं काय? कुलपाच्या घरालाही पाळी. ते माणूस पाठवतील, मजूर लावतील. यावर सरखोतचाचा उठले. बैठकीत ते उठले की समजायचं ठरलं. म्हणाले, "इमामला डबा हाटेलातून पाठवता काय? नाय ना? तसंच हे. पाळी ज्याच्या घरची, त्या घरचा माणूस स्वतः वर चढंल. मदतीला कुणाला पण घ्या, दयारामला घ्या. पण घरचा माणूस वर पाहिजे. एका वर्षाची मुदत. हे वर्ष परतून बघू. पावसात बादली लागली तर पुढच्या वर्षी स्लॅब. नाय लागली तर आणखी एक वर्ष. जेव्हा माणूस मिळणार नाय तेव्हा पाडू."

"आणि घुमट?" कुणीतरी विचारलं.

"हौदावर बसवा. चार खांब घाला, हातपाय धुऊन वजू करताना उन्हाचं डोकं तापतं. कळस पण लावा, नजमूनं प्रेमानं पाठवलाय."

म्हणजे बघ, तू थांबा म्हणाला नाहीस तरी थांबले. पण जास्त खूश होण्यासारखं काही नाही, कारण पहिली पाळी कुणाची म्हटल्यावर सगळे चपला शोधायला लागले. मग चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, आमच्या घरची लावा.

घरी येऊन अम्मीला सांगितलं. तिनं आधी कुजलेले वासे कोण बदलणार ते विचारलं, मग माझी चप्पल बघितली आणि म्हणाली, "ह्या चपलेनं चढणार?" नंतर भांडी घासताना म्हणाली, "तुझ्या अब्बांना मिनार हवा होता, ते नजमूचं बरोबर हाय. पण दर वर्षी छपरावरून उतरले की चार दिवस घरात असे मिरवायचे, जसे काय मिनारच बांधून आलेत." हे मी जसंच्या तसं लिहिलंय, माझ्या बाजूचं म्हणून नाही.

मी पावसापर्यंत आहे. पावसानंतरचं सांगत नाही.

नदीम

वावेखार, १८ मे

भाई,

तुझा निरोप अम्मीच्या फोनवर आला तो मी ऐकला. तिनं तीनदा लावला. "त्या गाढवाला सांग, पाय वाशावर ठेवायचा, रिपेवर नाही. रीप मोडते. आणि आढ्याजवळ बसताना तोंड समुद्राकडे नको, चक्कर येते. अब्बा मला ओरडायचे." बस, एवढंच. नाव घेतलं नाहीस, गाढव म्हणालास. अम्मी म्हणाली, "बघ, बोलला."

मला माहीतच नव्हतं तू अब्बांबरोबर वर चढायचास. मी लहान होतो, खाली असायचो. तू कधी बोलला नाहीस आणि मी कधी विचारलं नाही.

छप्पर झालं. कुजलेले वासे काढले, नवे किंजळीच्या लाकडाचे घातले. दयारामनं ओळखीच्या सुताराला आणलं होतं, तो दिवसभर अध्यात्म बोलायचा आणि विडी मागायचा. कौलं एकेक पट्टा उतरवायची, झाडायची, फुटकी वेगळी काढायची, पुन्हा लावायची, एक उताणं, एक पालथं. सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी कौलांखालच्या बारीक रिपेवर पाय दिला आणि ती मोडली. तुझा निरोप त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. दयाराम खालून म्हणाला, "नज्याचा फोन काल आला असता तर रीप वाचली असती."

कौलांखाली काय काय निघालं. वानरांनी टाकलेल्या आंब्याच्या कोयी, चिमणीची घरटी, एक क्रिकेटचा चेंडू. आढ्यावरच्या एका तुळईला जहाजाच्या फळीची असतात तशी भोकं आहेत, खिळ्यांची. ती तुळई कुठल्यातरी मोडलेल्या गलबताची असणार. कुणाचं ते कुणाला माहीत नाही. सरखोतचाचा म्हणाले आपल्या पणजोबांचं असेल, दयाराम म्हणाला त्याच्या पणजोबांचं असेल, आणि दोघं त्यावरून संध्याकाळपर्यंत भांडले.

वरून काय दिसतं ते तुला माहीत आहे, पण तुला समुद्राकडे तोंड करू दिलं नव्हतं, म्हणून सांगतो. मी केलं, चक्कर आली नाही. बोटी येताना दिसतात. हौदावरचा तुझा घुमटही दिसतो, हिरवागार, जरा तिरका बसलाय. दयाराम म्हणतो, बोटीतून येताना कोळीवाड्याच्या अलीकडे आता तोच आधी दिसतो. त्याच्याखाली वजू करायला छान वाटतं, आवाज घुमतो. इमामसाहेब तिथं नाक शिंकरतात ते कोळीवाड्यापर्यंत ऐकू जातं.

छप्पर टिकेल का माहीत नाही. पाऊस अजून यायचाय. बादली मी लपवून ठेवलीय, कुणी सवयीनं ठेवू नये म्हणून. जूनमध्ये छप्पर गळत नाही हे बघितलं की मी जाणार, कुठे ते ठरलेलं नाही. इस्तंबूल म्हणत होतो पण व्हिसाला बँकेतले कागद लागतात. आधी गुजरातला जाईन. अहमदाबादेला एक मशीद आहे तिचा एक मिनार हलवला की दुसरा हलतो म्हणे, आता वर जाऊ देत नाहीत.

शेवटचा दिवस असा. मी आढ्यावर शेवटचे नळे लावत होतो, असरची वेळ झालेली, खाली लोक जमलेले. सरखोतचाचांनी पडवीत एक फळा लावलाय, शाळेतला जुना. वरून मला त्यांची टोपीच दिसत होती. त्यांनी हाक मारली, "ए नदीम! पुढच्या वर्षी कुणाचं घर?"

काझी मुंब्र्याहून आले नव्हते. परकारांचं घर बंद. गावातल्या मुकादमांच्या घरचा मुलगा म्हणाला, त्याला उंचीची भीती वाटते. फळा कोरा होता आणि चाचांच्या हातात खडू होता, आणि मला बैठकीतलं त्यांचं वाक्य आठवलं, जेव्हा माणूस मिळणार नाही तेव्हा पाडू.

मी वरून म्हणालो, "आमचंच लावा."

"तुझं नाव चालणार नाय. पाळी एका माणसाला लागोपाठ नाय."

"माझं नको. नजमुद्दीन लिहा."

खाली चुळबुळ झाली. चाचांनी वर बघितलं, डोळ्यांवर हात धरून. "तो येईल?"

"विचारतो," म्हणालो.

म्हणून विचारतोय. रजा टाक, वैशाखात ये. तुला छप्पर कसं परतायचं ते माझ्यापेक्षा जास्त येतं, हे आता मला कळलंय. मी कुठेही असलो तरी तेव्हा येईन, खाली शिडी धरायला, आणि तू वर असेपर्यंत गप्प बसायला. दयारामला सांगून ठेवलंय, तो म्हणाला, "नज्या आला तर मी फुकट, दुसरा कोन आला तर पैसे." अम्मीला अजून सांगितलेलं नाही. ती डबे करायला लागेल.

तुझं नाव खडूनं लिहिलंय, मोठ्या अक्षरात. नको असेल तर माझी हरकत नाही. पण चाचांनी सांगितलंय, फोनवरून नाव पुसणार नाही. ज्याचं आहे त्यानं इथं येऊन स्वतःच्या हातानं पुसावं.

नदीम